मामा, इंजिनीअर दिवसभर करतात काय?

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. "अरे, हिला आठवीपासूनच फाउंडेशन बॅच लावू का? आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी लावलीये." मी म्हटलं, तिला विचारलंस का? तेवढ्यात भाचीनेच फोन घेतला. "मामा, इंजिनीअर दिवसभर करतात काय?"

खरं सांगू? मी स्वतः मेकॅनिकलवाला, आणि हा प्रश्न मला थर्ड इयरला पडला होता.

रविवारी गेलो. घरात एक बंद पडलेला मिक्सर होता. प्लग काढलेला, दोनदा बघितलं, मग स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. आत मोटर, तांब्याचं वाइंडिंग, झिजलेले कार्बन ब्रश: हे इलेक्ट्रिकलवाल्यांचं. शाफ्ट, बुश, पातं मेकॅनिकलचं. बाहेरचं प्लास्टिक कुठलं वापरायचं, हे पॉलिमरवाले ठरवतात. मग तिला रबराचा कपलर दिसला, पार तुटलेला. मी सांगितलं, जार अडकला की आधी हा तुटतो आणि मोटर वाचते. ती म्हणाली, "म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलाय?" हो! स्वस्त भाग आधी जाऊ द्यायचा, ही इंजिनीअरिंगचीच अक्कल. त्यानंतर पोरगी अर्धा तास त्या कपलरवरच अडकली होती.

आता ताईचा प्रश्न. माझं मत विचाराल तर आठवीत बॅच नको. पण दोन-तीन गोष्टी आत्ताच माहीत हव्यात, कारण पहिलं वळण बारावीनंतर नाही, दहावीनंतरच येतं. अकरावीला गणित सोडलं, तर हा रस्ता जवळपास बंद. आणि एमएचटी-सीईटीच्या सध्याच्या पद्धतीत पीसीएम ग्रुपच्या 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे आहेत. त्यामुळे शाळेतलं बीजगणित पक्कं होतंय ना, एवढं बघा. आयआयटीसाठी जेईई वेगळी, तो विषय पुन्हा कधीतरी.

दुसरा रस्ता पॉलिटेक्निकचा. लोक उगाच नाक मुरडतात. दहावीनंतर 3 वर्षं डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे अजून 3. एकूण 6. अकरावी-बारावी आणि 4 वर्षांची डिग्री केली तरी 6च! वर हातात अवजारं लवकर येतात.

कॉलेजंही लांबून बघू नका. पुण्याचं सीओईपी 1854 पासूनचं, माटुंग्याचं व्हीजेटीआय 1887 चं. मुंबईत असाल तर डिसेंबरात आयआयटीच्या टेकफेस्टला पोरांना घेऊन जा. तिथे स्टॉलवरच्या दादा-ताईंना "पॅकेज किती?" हे विचारूच नका. "काल दिवसभर काय केलंस?" असं विचारा. उत्तर ऐकताना पोराचा चेहरा बघा.

आणि कॅप राउंडच्या जुन्या कटऑफ याद्या असतात ना, त्या मी भाचीला दाखवल्या, पण घाबरवायला नाही. एकाच कॉलेजात ब्रँच बदलली की आकडा किती बदलतो, ते तिनेच शोधलं. मग विचारते, "सगळे कॉम्प्युटरलाच का पळतात? त्यांना मिक्सर आवडत नाही?"

बॅच सध्या रद्द झालीये. ताईचा काल पुन्हा फोन होता: नवा मिक्सर तिने कपाटाच्या वर ठेवलाय, आणि पोरगी शेजारच्यांच्या बंद पंपाची चौकशी करतेय.