हजेरी घेणारा

१९७२च्या दुष्काळात जत तालुक्यात खडी फोडायच्या कामावर माझे वडील मस्टर लिहायचे. संध्याकाळी मुकादम नावं पुकारी. एखाद्या नावाला ‘हाय’ आलं नाही की तो वडिलांचा हात थांबवी आणि विचारी, “कुठं गेली? पोरगं आजारी हाय का तिचं?” पुढं हिब्रू शिकताना ‘पाकीद’ हा शब्द भेटला तेव्हा मला तोच माणूस आठवला.

पाकीद म्हणजे देखरेखीसाठी नेमलेला अधिकारी. त्यामागच्या धातूचे अर्थ इतके की वर्षानुवर्षं मी त्यातच रमलो आहे: भेट घेणं, मोजणं, नेमणं, सोपवणं, जाब विचारणं. उत्पत्तीच्या पुस्तकात देव वृद्ध सारेची दखल घेतो, तिथं हाच धातू. अरण्यात इस्राएलाची शिरगणती होते, तिथंही हाच. आणि मला सर्वांत प्रिय अर्थ ‘उणा भासणं’. योनाथान दाविदाला सांगतो की उद्याच्या सणात तुझी जागा रिकामी राहील आणि तुझी उणीव भासेल; या दोन्ही क्रियापदांत एकच धातू आहे. आजच्या हिब्रूतही ‘पाकीद’ म्हणजे कारकून आणि ‘निफ्काद’ म्हणजे गैरहजर. मोजणारा आणि मोजणीत न सापडलेला, दोघं एकाच घरातले!

जतकरानं वाचावी ती योसेफाची गोष्ट. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला देशभर पाकीद नेमा, असं तो मिसरच्या फारो राजाला सुचवतो. म्हणजे दुष्काळ येण्याआधीच देखरेख सुरू होते. आमच्याकडे मात्र मस्टर उघडायचं ते विहिरी आटल्यावर.

याच मिसरात पुढं दुसरा शब्द येतो, ‘नोगेस’. गवत न देता इस्राएलांकडून विटा मात्र तेवढ्याच मागणारी फारोची माणसं ती. गाढव हाकणाऱ्यालाही ईयोबाच्या पुस्तकात हाच शब्द आहे. मराठी बायबलात फारोच्या या माणसांना ‘मुकादम’ म्हटलं आहे, ते मला लागतं. कारण कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात सिनेगॉगच्या प्रमुखाला मानानं मुकादमच म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘पुढं ठेवलेला’. आपलं ‘कदम’ त्याच्याच कुळातलं आणि हिब्रू ‘केदेम’, म्हणजे पूर्व किंवा पुढची बाजू, त्याचं भावंड.

बाकी इतिहास थोडक्यात: ग्रीक भाषांतरात पाकीदचा काही ठिकाणी ‘एपिस्कोपोस’ झाला, त्यातून बिशप आला.

गेल्या दसऱ्यानंतर जतच्या पूर्व भागातल्या एका वस्तीवर ऊसतोड टोळी निघताना मी उभा होतो. मुकादम नावं पुकारत होता. एका कोयत्यातली, म्हणजे नवराबायकोच्या जोडीतली, बाई आली नव्हती. उचल दिलेली, ट्रॅक्टर चालू. मला वाटलं, आता आवाज चढणार. त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि तिच्या घराकडं चालत गेला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, “तापानं फणफणलीया. बरी झाली की यील.” मग वहीत तिच्या नावापुढची जागा त्यानं मोकळी ठेवली.