पाण्याची बारीक धार

नारळी पौर्णिमेला कोकणातील कोळी व अन्य मच्छीमार समुद्राला नारळ अर्पण करतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या परंपरेने त्यानंतर पाण्यात लोटल्या जातात. मात्र त्याआधीचे दिवस केवळ विश्रांतीचे नसतात. जाळी दुरुस्त करणे, होडीला रंग देणे, इंजिन तपासणे अशी अनेक कामे उरकायची असतात. त्यांपैकी एका लहान पण महत्त्वाच्या कामाची माहिती या पाठात आपण घेणार आहोत. ते काम म्हणजे होडीच्या इंजिनाच्या जलपंपातील रबरी चक्र बदलणे.

लहान होडीच्या मागच्या फळीवर, बाहेरच्या बाजूला अडकवलेले उभे यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्याला ‘आउटबोर्ड मोटर’ म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशी मोटर विक्रीस आणली. या यंत्राच्या वरच्या भागात इंजिन असते आणि पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात गिअर व पंखा असतो. इंजिनाची शक्ती एका उभ्या दांड्यामार्फत पंख्यापर्यंत पोहोचते.

इंधन जळू लागले की इंजिन तापते. मोटारसायकलचे इंजिन सहसा वाऱ्याने थंड होते. मोटारगाडीत तेच ते पाणी पुनःपुन्हा फिरवले जाते. होडीभोवती तर पाणीच पाणी असते; पण ते आपोआप इंजिनापर्यंत चढत नाही. ते चढवण्यासाठी खालच्या भागात, उभ्या दांड्यावरच, एक पंप बसवलेला असतो. त्यात लवचीक पात्यांचे रबरी चक्र फिरते. त्याला ‘इंपेलर’ म्हणतात. चक्राभोवतीची पोकळी किंचित एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे फिरताना पाती एकीकडे दबतात, तर दुसरीकडे उलगडतात. उलगडताना पाणी आत ओढले जाते आणि दबताना ते नळीतून वर ढकलले जाते. इंजिनाची उष्णता घेऊन पाणी बाहेर पडते. त्यातील थोडे पाणी एका छिद्रातून बारीक धारेने सतत वाहताना दिसते. ही धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण होय.

वाळू व गाळ यांमुळे पाती झिजतात. काळ लोटला की रबर कडक होते. पाण्याबाहेर इंजिन चालवल्यास ओलाव्याअभावी घर्षण होऊन पाती अल्पावधीतच जळतात. म्हणून चक्र तुटण्याची वाट न पाहता, यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे.

प्रथम इंजिन बंद करून ठिणगीच्या प्लगची वायर काढावी, म्हणजे ते चुकून सुरू होणार नाही. यंत्र उभे, पक्के बांधावे. गिअरच्या सळईची जोडणी सोडवून बोल्ट काढावेत आणि खालचा भाग सरळ खाली उतरवावा. नंतर पंपाचे झाकण उघडून जुने चक्र बाहेर काढावे. चक्राला दांड्याशी जखडणारी छोटी चावी हरवू देऊ नये. पाते तुटले असल्यास त्याचा तुकडा शोधलाच पाहिजे. कारण तो नळीत अडकला, तर नव्या पंपालाही पाणी चढवता येणार नाही. झाकणाची आतली बाजू व खालची पट्टी खरवडलेली असल्यास तीही बदलावी. गास्केट नवे घालावे.

नव्या चक्राला साबणाचे पाणी लावावे. झाकण खाली दाबताना दांडा इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवावा. त्यामुळे सर्व पाती योग्य बाजूला वाकतात. खालचा भाग पुन्हा चढवताना पाण्याची नळी, उभा दांडा व गिअरची सळई आपापल्या जागी बसल्याची खात्री करून मगच बोल्ट आवळावेत. जोर लावून ठोकू नये.

शेवटी पंखा काढून, खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवावा आणि मोकळ्या जागेत इंजिन सुरू करावे. पाणी आत घेणारी जाळी पूर्ण बुडालेली असावी. थोड्याच वेळात धार दिसली पाहिजे. ती न दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करून चूक शोधावी. समुद्रातून परतल्यावर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने इंजिन आतून धुतल्यास क्षार साचत नाहीत.

रस्त्यात गाडी बंद पडली, तर माणूस उतरून चालत घरी येऊ शकतो. भर समुद्रात तसे करता येत नाही. वारा व प्रवाह नेतील तिकडे होडी जाते आणि घरची माणसे किनाऱ्यावर वाट पाहत राहतात. म्हणूनच जाणता मच्छीमार होडी सोडताना एकदा मागे वळून ती बारीक धार पाहून घेतो.