तारे नंतर मोजा, आधी समुद्र बघा

अलिबाग, काशीद किंवा दिवेआगरला महागडं रिसॉर्ट निवडताना आपण खोलीचे फोटो आणि तारे बघतो. माझं ठाम मत असं की आधी भरती-ओहोटी आणि तिथे पोहोचायचा मार्ग बघावा. इथे दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अलिबागला ओहोटीत पाणी इतकं मागे हटतं की कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. म्हणजे 'सी-व्ह्यू'चे जादा पैसे मोजूनही भर दुपारी समोर नुसती ओली वाळू असू शकते. तारखा पक्क्या करण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघाच. मार्गाचं म्हणाल तर, पावसाळ्यात मुंबईहून येणाऱ्या गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे, पण हवामान बिघडलं की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. मग वडखळमार्गे रस्ताच उरतो.

"रिसॉर्टमध्ये पूल आहे, समुद्र कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, पण पूल लोणावळ्यातही मिळतो, किनाऱ्याचा दर आपण समुद्रासाठीच देतो. "एवढ्या पैशांत फुकेत किंवा बाली होईल," हेही खरं असू शकतं. मात्र कसोटी तिथेही हीच लागते. फुकेतला साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर लाटा धोकादायक होतात. बालीत पाऊस नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीला बाली बरं, नाताळात फुकेत.

आणि रायगडच्या या किनाऱ्यावर बुकिंग करताना जनरेटरबद्दल जरूर विचारा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर इथली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती.