मोबाइलास अँटीव्हायरसची आवश्यकता आहे काय?

घरांत नवा मोबाइल आला कीं त्याबरोबर कांहीं किरकोळ खर्च ठरलेले असतात. कांचेवर चिकटवावयाचा पारदर्शक पापुद्रा, पाठीवरचें आवरण, आणि दुकानदारानें आग्रहानें गळ्यांत बांधलेला अँटीव्हायरस. पहिल्या दोहोंचा उपयोग, फोन एकदां हातांतून पडला म्हणजे, कोणासहि कळतो. तिसऱ्याचा उपयोग झाला कीं नाहीं हें मात्र घरांत कोणासच सांगतां येत नाहीं. तरीहि वर्ष उलटलें कीं 'मुदत संपली, आपला फोन धोक्यांत आहे' अशी तांबडी सूचना झळकते आणि घरचे कर्ते पुरुष मुकाट्यानें पुन्हां पैसे भरतात. हे पैसे सार्थकीं लागतात काय, असा प्रश्न आम्हांस अलीकडे इतक्या घरीं विचारण्यांत आला कीं, त्याचा एकदां सविस्तर ऊहापोह करावा असें आम्हांस वाटूं लागलें.

प्रथम शब्दाविषयीं. 'व्हायरस' हा शब्द लॅटिन असून त्या भाषेंत त्याचा अर्थ विष असाच आहे. आपल्या संस्कृतांतील 'विष' व तो 'व्हायरस' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन कोंब होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणून मराठींत रूढ झालेला 'विषाणु' हा शब्द आम्हांस अर्थानें व नादानेंहि मोठा समर्पक वाटतो. संगणकशास्त्रांत मात्र या शब्दाची व्याप्ति मर्यादित आहे. स्वतःच्या प्रति स्वतःच काढून एका प्रोग्रॅमांतून दुसऱ्या प्रोग्रॅमांत शिरणारा प्रोग्रॅम तो व्हायरस. अमेरिकेंतील फ्रेड कोहेन यांनीं १९८४ सालीं आपल्या निबंधांत या प्रकाराचें शास्त्रीय विवेचन केलें, आणि दोनच वर्षांनीं, १९८६ सालीं, लाहोर येथील दोघां बंधूंनीं लिहिलेला 'ब्रेन' नांवाचा व्हायरस फ्लॉपीच्या तबकड्यांवर बसून देशोदेशीं पोंचला. पुढें पुण्यांतच कैलास व संजय काटकर या बंधूंनीं, यंत्रदुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून आरंभ करून, 'क्विक हील' हा अँटीव्हायरस गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तयार केला, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्या काळीं एकाच्या घरची फ्लॉपी दुसऱ्याच्या घरीं गेली कीं रोगहि गेलाच. अँटीव्हायरसशिवाय संगणक चालविणें म्हणजे देवी न टोंचलेलें मूल जत्रेंत नेण्यासारखेंच होतें.

ही संगणकाची भीति आपण मोबाइलवर जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. परंतु दोन्ही यंत्रांची रचना भिन्न आहे, आणि सर्व प्रश्नाचें मर्म या भेदांत आहे. जुना संगणक म्हणजे जुना चौसोपी वाडा. एकदां दिंडीदरवाजांतून आंत आलेला मनुष्य माजघरापासून कोठीघरापर्यंत कोठेंहि फिरे. त्यास हटकणारें कोणी नसे. मोबाइल हा वाडा नसून चाळ आहे. प्रत्येक ॲप हें एक स्वतंत्र बिऱ्हाड. अँड्रॉइड पद्धतींत प्रत्येक ॲपास स्वतःचा निराळा क्रमांक दिला जातो आणि एका बिऱ्हाडाच्या वस्तु दुसऱ्यास पाहतां येत नाहींत. कॅमेरा, संपर्कांची यादी, एसएमएस, ध्वनिग्राहक यांपैकीं कांहींहि हवें असल्यास ॲपास मालकाची परवानगी मागावी लागते. ॲपलच्या आयफोनांत तर हा बंदोबस्त याहूनहि कडक आहे. अशा चाळींत, आपल्या प्रति काढीत खोल्यांमागून खोल्या पादाक्रांत करणाऱ्या खऱ्या व्हायरसास फारसा वाव नाहीं. २००४ सालीं 'कॅबिर' नांवाचा जो पहिला मोबाइल-जंतु निघाला, तो ब्लूटूथवरून एका फोनाकडून दुसऱ्याकडे जाई. पण गंमत अशी कीं, त्यालासुद्धां आंत येण्यापूर्वीं मालकाची संमति घ्यावी लागे!

या रचनेचा दुसरा परिणाम पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अँटीव्हायरस हें देखील एक ॲपच असल्यामुळें तोहि चाळींतील एक भाडेकरूच ठरतो. आयफोनमध्यें त्यास दुसऱ्या ॲपांची तपासणी करतांच येत नाहीं. म्हणून तेथें सुरक्षेच्या नांवाखालीं जें विकलें जातें तें बहुधा फसव्या संकेतस्थळांस अटकाव करणें वगैरे स्वरूपाचें असतें. अँड्रॉइडमध्यें त्यास बसविलेल्या ॲपांची यादी व त्यांच्या मूळ फाइली पाहतां येतात, आणि दुष्ट म्हणून माहीत असलेल्या प्रोग्रॅमांशीं त्या ताडून पाहतां येतात. बंद दाराआड शेजारी काय करीत आहे हें मात्र त्यास दिसत नाहीं. शिवाय चाळीच्या मालकानें नेमलेला एक पहारेकरी अँड्रॉइडमध्यें अगोदरच आहे. २०१७ सालापासून गूगलनें 'प्ले प्रोटेक्ट' या नांवाची तपासणी फोनांतच घातली असून ती प्ले स्टोअरमधील व बाहेरून आणलेल्या अशा दोन्ही ॲपांची करण्यांत येते. आरंभीं परीक्षकांच्या कसोटींत हा पहारेकरी नामांकित अँटीव्हायरसांच्या पुष्कळच मागें होता, हेंहि सांगितलें पाहिजे.

बरें, विकत वा फुकट मिळणारे अँटीव्हायरस तरी सगळे खरे असतात काय? ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज' या परीक्षणसंस्थेनें २०१९ सालीं अँड्रॉइडच्या २५० अँटीव्हायरसांची परीक्षा घेतली. आदल्या वर्षींचे सर्वत्र आढळणारे २,००० दुष्ट प्रोग्रॅम त्यांच्यापुढें ठेवले. त्यांपैकीं शेंकडा ३० पकडले तरी उत्तीर्ण, इतकी सोपी कसोटी! आमच्या शाळेंतसुद्धां ३५ गुण लागत. तरीहि त्या २५० पैकीं अवघे ८० उतरले. कांहीं महाभाग तर केवळ नांवावरून ॲप ओळखीत. ओळखीच्या यादींत नांव नसलें कीं तें दुष्ट. त्यांतल्या कांहींनीं यादींत स्वतःचें नांव घालण्याचें विसरल्यामुळें स्वतःसच चोर ठरविलें. २०१४ सालीं 'व्हायरस शील्ड' नांवाचें ॲप जवळजवळ चार डॉलरांस विकलें जात होतें व हजारों लोकांनीं तें घेतलें होतें. तपासणीअंतीं असें निघालें कीं, बोट लावतांच फुलीच्या जागीं बरोबरची खूण दाखविणें यापलीकडे तें कांहींच करीत नव्हतें. हें निदान निरुपद्रवी तरी होतें. २०२२ सालीं मात्र बँकेचीं खातीं लुटणारा 'शार्कबॉट' हा प्रोग्रॅम प्ले स्टोअरवर अँटीव्हायरसच्याच वेषांत सांपडला.

येथवर वाचून वाचक म्हणतील, मग धोका नाहींच काय? धोका आहे, आणि मोठा आहे. परंतु तो निराळ्या दारानें येतो.

आमचे एक स्नेही सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. हिशेबांत अत्यंत काटेकोर. चार बिऱ्हाडांच्या एकत्र कुटुंबाचा खर्च त्यांच्या हातून होतो. त्यांच्या फोनवर पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस होता. एके दिवशीं व्हॉट्सॲपवर त्यांस वाहतूक-दंडाची नोटीस आली. त्यांत त्यांच्या स्कूटरचा क्रमांक बरोबर होता व सोबत एक फाइल होती. फाइलीच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें होतीं. दंडाची पावती असो कीं लग्नाची पत्रिका असो, ती चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपांत येते. एपीके म्हणजे फोनांत ॲप बसविण्याची फाइल, हा भेद त्यांस कोणी सांगितलेला नव्हता. फोननें 'हें ॲप अज्ञात ठिकाणाहून आलें आहे' अशी हरकत घेतली. संदेशांतच 'अशी हरकत आल्यास परवानगी द्यावी' असें लिहिलें असल्यामुळें त्यांनीं ती दिली. नंतर ॲपनें एसएमएस वाचण्याची मुभा मागितली, तीहि दिली. मग दंडाचे पांचशें रुपये भरण्याकरितां कार्डाचा क्रमांक मागितला, तो भरला. त्या रात्रीं बँकेकडून आलेले ओटीपी त्यांच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच दुसऱ्याच्या हातीं गेले. सकाळीं खात्यांतून एक लाख ऐंशी हजार रुपये नाहींसे झाले होते. धाकट्या भावाच्या मुलीची महाविद्यालयाची फी त्यांतूनच भरावयाची होती. अँटीव्हायरस दुसऱ्या दिवशीं दुपारीं जागा झाला व 'धोकादायक ॲप आढळलें' अशी वर्दी त्यानें दिली.

यांत अँटीव्हायरसचा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दुष्ट ॲप रोज नवीं बनतात. कालपर्यंत जें जगांत नव्हतें तें त्याच्या यादींत कोठून असणार? चोरानें कुलूप फोडलें नव्हतें. मालकानेंच एकामागून एक किल्ल्या काढून दिल्या, आणि प्रत्येक किल्ली देतांना फोननें 'देऊं काय?' असें विचारलेंहि होतें. परंतु खरी हानि पुढेंच झाली. घरच्या पैशाची जोखीम आपणांवर, आतां भावांस व सुनामुलांस तोंड कसें दाखवावें, या विचारानें ते दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. तेवढ्या अवधींत पैसे या खात्यांतून त्या खात्यांत फिरून काढलेहि गेले. शेवटीं ही गोष्ट बाहेर आली ती फीची तारीख आली तेव्हां. कर्त्या पुरुषाचें चुकूंच शकत नाहीं अशी जी एक समजूत आपल्या घरांतून असते, तिनें त्या दोन दिवसांत चोरांस केवढें साह्य केलें!

आतां दुसऱ्या एका घरची हकीकत. तेथें एकहि अँटीव्हायरस नव्हता. वडीलधाऱ्या गृहस्थांस एका परिचिताच्या क्रमांकावरून लग्नाची पत्रिका आली. अशा खोट्या पत्रिकांविषयीं हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनीं २०२४ सालींच लोकांस सावध केलें होतें.

"सूनबाई, या पत्रिकेवर बोट ठेवतों तर हा फोन भलतेंच कांहीं विचारतो."

"मामंजी, ही पत्रिका नव्हे. पत्रिका पाहायला ॲप कशाला बसवायला लागतें? ज्यांच्याकडून आली त्यांना आधीं फोन करा पाहूं."

फोन केला, तों त्या घरीं कोणाचें लग्नच नव्हतें. त्या बिचाऱ्यांचेंच व्हॉट्सॲप परक्याच्या हातीं गेलें होतें. जुना व्हायरस स्वतःच्या प्रति स्वतः काढी. या नव्याच्या प्रति आपला स्नेहसंबंध काढतो. आणि फोन 'भलतेंच' कां विचारीत होता, तर त्या सूनबाईंनीं सासऱ्यांच्या फोनांत एक खटका अगोदरच बंद ठेवला होता. २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्यें, बाहेरचें ॲप बसविण्याची मुभा प्रत्येक ॲपास वेगवेगळी द्यावी लागते. सेटिंग्जमध्यें ॲप्सच्या सदराखालीं विशेष परवानग्यांत 'अज्ञात ॲप्स स्थापित करा' असें कलम असतें. फोनच्या कंपनीपरत्वें नांव थोडें निराळें असेल. त्यांत व्हॉट्सॲप, क्रोम व फाइल्स यांच्यापुढील खटके बंद असावेत. पांच मिनिटांचें काम आहे, आणि आमच्या मतें घरांतील वडील मंडळींच्या प्रत्येक फोनांत तें आजच्या आज व्हावें. 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून दुसरें एक कलम आहे तेंहि पाहावें. अपंगांच्या सोयीसाठीं केलेली ती व्यवस्था मिळाली कीं ॲपास पडद्यावरचें सर्व वाचतां येतें व आपल्या वतीनें बोटहि दाबतां येतें. चोरट्या ॲपांचा डोळा मुख्यतः तिच्यावरच असतो. एसएमएसची वा ही परवानगी मागणारीं बाहेरचीं ॲपें परस्पर अडविण्याचा प्रयोग भारतांत सुरूं करण्याचें गूगलनें २०२४ सालीं जाहीर केलें, ही गोष्ट स्वागतार्हच आहे.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देऊं. आयफोनसाठीं अँटीव्हायरसवर पैसा खर्च करण्याचें कांहीं कारण नाहीं. अँड्रॉइड फोन नवा असेल, त्यास सुरक्षेचे अपडेट येत असतील व ॲपें प्ले स्टोअरमधूनच घेतलीं जात असतील, तर तेथेंहि तो अनावश्यक आहे. ज्या घरीं मुलें बाहेरून खेळ उतरवितात, किंवा वडील मंडळी आलेली प्रत्येक फाइल उघडतात, तेथें एखाद्या प्रतिष्ठित कंपनीचा अँटीव्हायरस असल्यास तोटा नाहीं. फसव्या लिंकांस तो कांहीं अंशीं आळा घालतो. फुकटच हवें असेल तर सी-डॅकनें केलेलें 'एम-कवच' हें सरकारी साधन आहे. 'फोन स्वच्छ करतों, बॅटरी वाढवितों, व्हायरसहि मारतों' अशीं त्रिवेणी आश्वासनें देणाऱ्या ॲपांस मात्र दारांतहि उभें करूं नये. पेगाससचें नांव ऐकून कोणी घाबरत असेल तर त्यानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तें हत्यार फार महाग असून पेन्शनरांवर चालविलें जात नाहीं. आणि चालविलेंच तर बाजारांतला अँटीव्हायरस त्यापुढें टिकावयाचा नाहीं.

खरा खर्च करावयाचाच असेल तर तो फोनच्या निवडीवर करावा. अँड्रॉइडमधील सांपडलेलीं छिद्रें बुजविणारे अपडेट २०१५ पासून दरमहा निघतात. पण ते आपल्या फोनापर्यंत किती वर्षें पोंचतील हें कंपनीवर अवलंबून असतें. गूगल व सॅमसंग यांनीं २०२३-२४ पासून आपल्या महागड्या फोनांस सात वर्षांचें वचन दिलें आहे. स्वस्त फोनांस त्याहून पुष्कळ कमी मिळतात. हा आंकडा दुकानांत विचारून घ्यावा. अपडेट बंद झालेला फोन नातवंडांस गाणीं ऐकण्यास द्यावा, बँकेचें काम त्यावर करूं नये.

आणि इतकें करूनहि एखादी फाइल उघडलीच, तर प्रथम फोन 'एअरप्लेन मोड'मध्यें टाकून त्याचें इंटरनेट तोडावें. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेस कळवून कार्ड व खातें थांबवावें, आणि लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही व्यवस्था २०२१ पासून चालूं आहे. तक्रार वेळेवर पोंचल्यास चोराच्या खात्यांतील शिल्लक रक्कम बँकांकडून गोठविली जाते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. तें ॲप काढून टाकण्यापूर्वीं त्याचें व आलेल्या संदेशाचें चित्र दुसऱ्या फोननें घ्यावें, पोलिसांस तें लागतें. आणि हें सर्व करतांना घरांतल्या चौघांना हांक मारावी. एकानें बँकेशीं बोलावें, दुसऱ्यानें १९३० लावावा, तिसऱ्यानें कागद काढावे. आमच्या स्नेह्यांच्या घरीं त्या सकाळीं अशीं अकरा माणसें होतीं.