पोलिश वाद्यवृंदीय जॅझ संगीत

पोलंडमध्ये मुख्यतः १९५६ नंतर जॅझ व पाश्चात्त्य अभिजात संगीत यांच्या मिलाफातून विकसित झालेला आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेला संगीतप्रकार. या संगीताचा थोडा भाग त्या त्या काळी ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने श्रोत्यांपुढे आला. उरलेला बराच भाग पोलिश नभोवाणीच्या ध्वनिफितींवर राहिला. स्वरलिपीत लिहिलेला भाग आणि वादकाने ऐन वेळी स्फुरून वाजविलेला भाग हे दोन्ही या प्रकारात सारख्याच महत्त्वाचे असतात. त्यामुळे लिखित संहितेवरून या रचनांची पुरती कल्पना येत नाही. ध्वनिमुद्रण हेच त्यांचे पूर्ण रूप होय आणि म्हणून त्यांच्या जतनाचा प्रश्न इतर अभिजात संगीतापेक्षा वेगळा व अधिक निकडीचा ठरतो.

पार्श्वभूमी : दोन महायुद्धांदरम्यानच्या काळात वॉर्साच्या उपाहारगृहांतून व नृत्यगृहांतून जॅझचा प्रभाव असलेले नृत्यवाद्यवृंद लोकप्रिय होते. आर्तुर गोल्ड व येझी पेतेर्सबुर्स्की यांचा वाद्यवृंद त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होता. ‘सिरेना’ या वॉर्सातील कंपनीने या संगीताच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिका काढल्या. दुसऱ्या महायुद्धात हे सारे उद्ध्वस्त झाले. बहुसंख्य ज्यू वादक मारले गेले किंवा देशोधडीला लागले. गोल्डचा अंत १९४३ मध्ये त्रेब्लिंका येथील छळछावणीत झाला. सिरेनाचा कारखानाही युद्धात नष्ट झाला. त्यामुळे युद्धोत्तर पिढीला ही परंपरा सलगपणे लाभली नाही; तिला जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागली.

युद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीत, विशेषतः स्टालिनच्या हयातीत, जॅझ हे भांडवलशाहीचे संगीत म्हणून अधिकृत सांस्कृतिक धोरणाच्या दृष्टीने त्याज्य होते. वुज येथील ‘मेलोमानी’ यासारखी पथके खाजगी घरांतून व विद्यार्थिसंस्थांतून वाजवीत. पोलिश जॅझच्या इतिहासात हा काळ ‘भुयारांचा काळ’ म्हणून ओळखला जातो. आंद्झेय कुरिलेव्हिच (१९३२–२००७) यांना जॅझ वाजविल्याबद्दल क्राको येथील उच्च संगीत विद्यालयातून काढून टाकण्यात आले होते. अमेरिकन जॅझची ओळख या पिढीला मुख्यतः विदेशी नभोवाणीवरून झाली. त्यात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर १९५५ पासून विलिस कॉनोव्हर सादर करीत असलेल्या कार्यक्रमाचा वाटा मोठा होता.

स्टालिनच्या मृत्यूनंतर (१९५३) निर्बंध हळूहळू सैल झाले. १९५६ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील सोपोत येथे पहिला मोठा जॅझ महोत्सव भरला आणि ऑक्टोबरमध्ये आधुनिक अभिजात संगीताचा ‘वॉर्सा शरद’ हा महोत्सव सुरू झाला. जॅझ आणि नवे अभिजात संगीत या दोन्ही गोष्टी कालपर्यंत सारख्याच संशयास्पद होत्या व आता जवळजवळ एकाच वेळी मोकळ्या झाल्या. यामुळे दोहोंच्या उपासकांत परकेपणाची भावना फारशी राहिली नाही. १९५८ पासून वॉर्सात ‘जॅझ जांबोरी’ हा महोत्सव भरू लागला.

सोपोत येथे गाजलेले षट्‌क क्षिश्तॉफ कॉमेडा (१९३१–६९) या पियानोवादकाचे होते. व्यवसायाने तो घसा-नाक-कान यांच्या विकारांचा डॉक्टर होता. त्याच्या षट्‌कात व्हायब्राफोनवादक येझी मिल्यान (१९३५–२०१८) आणि सॅक्सोफोनवादक यान ‘प्ताशिन’ व्ह्रुब्लेफ्स्की (१९३६–२०२४) हे होते. पुढे या दोघांनीही नभोवाणीच्या मोठ्या वाद्यवृंदांचे नेतृत्व केले. कॉमेडाने चित्रपटांसाठी विपुल संगीत रचले. डिसेंबर १९६५ मध्ये मुद्रित झालेल्या त्याच्या ‘अस्तिग्मातिक’ या ध्वनिमुद्रिकेत केवळ तीनच दीर्घ रचना आहेत. पथक लहान असले, तरी त्यांची बांधणी अभिजात रचनेसारखी विभागशः विस्तारत जाणारी आहे. पुढील वाद्यवृंदीय प्रयोगांची पूर्वतयारी तीत दिसून येते.

नभोवाणीचे वाद्यवृंद : जॅझ व अभिजात संगीत यांच्या संयोगातून होणाऱ्या संगीताला अमेरिकन संगीतकार गंथर शूलर यांनी १९५७ मध्ये ‘तिसरा प्रवाह’ असे नाव दिले. अमेरिकेत हा प्रवाह मोजक्या मैफली व ध्वनिमुद्रिका यांपुरता राहिला. कारण तंतुवाद्यांसह मोठा वाद्यवृंद पदरी बाळगणे तेथील जॅझ संगीतकारांना परवडणारे नव्हते. पोलंडमध्ये परिस्थिती निराळी होती. वॉर्सा, कातोव्हित्से, वुज, पॉझ्नान इ. शहरांतील नभोवाणी केंद्रांचे पगारी वाद्यवृंद होते. प्रसारणासाठी त्यांना सतत नव्या रचना लागत. तिकीटविक्रीची चिंता नसल्याने प्रयोगालाही वाव मिळे. ज्या राज्यसंस्थेने जॅझवर बहिष्कार घातला होता, तीच अशा रीतीने त्याच्या सर्वांत खर्चिक प्रकाराची आश्रयदाती बनली. विद्यालयातून काढून टाकलेले कुरिलेव्हिच १९६४ ते १९६६ या काळात नभोवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक होते.

व्ह्रुब्लेफ्स्की यांनी १९६८ ते १९७८ पर्यंत ‘पोलिश नभोवाणीचे जॅझ स्टुडिओ’ हा वाद्यवृंद चालविला. देशातील उत्तमोत्तम जॅझवादकांना ठरावीक काळाने एकत्र आणून नव्या रचना मुद्रित करणे, हे त्याचे कार्य होते. ‘स्प्शेदाव्ह्त्से ग्लोनुव्ह’ (शैवालविक्रेते, १९७३) ही त्याची प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका होय. संगीतशास्त्राचे अध्ययन केलेले आंद्झेय त्शास्कॉफ्स्की (१९३३–९८) हे तिसऱ्या प्रवाहाचे पोलंडमधील प्रमुख पुरस्कर्ते. ‘स्टुडिओ एस-१’ या नभोवाणी वाद्यवृंदाचे ते पुढे संचालक होते. मिल्यान यांनी कातोव्हित्से येथील नभोवाणी व दूरचित्रवाणीचा करमणूक वाद्यवृंद १९७४ ते १९९१ पर्यंत सांभाळला. ‘करमणूक’ या नावाखाली त्यांनी पितळी सुषिर वाद्ये, व्हायोलिनचा ताफा आणि विद्युत् वाद्ये यांच्या रंगसंगतीचे अनेक धाडसी प्रयोग केले.

मिलाफाच्या पद्धती : या संगीतात मिलाफाच्या तीन पद्धती स्थूलमानाने दिसतात. पहिलीत अभिजात रचनेची धून घेऊन तिचा जॅझच्या अंगाने विस्तार केला जातो. शॉपेन हा या पद्धतीचा मुख्य आधार होय. ‘नोव्ही’ या गायकवृंदाने १९७१ मध्ये शॉपेनच्या रचना वाद्यांसारख्या निःशब्द स्वरांत गायिल्या. अंध पियानोवादक म्येचिस्वाफ कॉश (१९४४–७३) याने शॉपेन, लिस्ट, बरॉद्यिन यांच्या धुनांवर पियानोवादन मुद्रित केले. दुसऱ्या पद्धतीत कंचेर्तोसारखा अभिजात आकृतिबंध घेऊन त्यात जॅझवादकाच्या स्वैर वादनासाठी जागा मोकळ्या ठेवल्या जातात. झ्बिग्नयेव्ह झायफर्ट (१९४६–७९) याने १९७४ मध्ये हानोव्हरच्या नभोवाणीसाठी जॅझ व्हायोलिन, सिंफनी वाद्यवृंद आणि तालविभाग यांसाठी रचलेली कंचेर्तो हे याचे ठळक उदाहरण होय.

तिसऱ्या पद्धतीत नवसंगीताचे रचनाकार जॅझवादकांकडे वळले. बोगुस्वाफ शेफर (१९२९–२०१९) यांनी १९६३ मध्ये आठ जॅझवादक व वाद्यवृंद यांसाठी रचना केली. क्षिश्तॉफ पेंदेरेत्स्की (१९३३–२०२०) यांची ‘ॲक्शन्स’ ही रचना १९७१ मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेन येथे डॉन चेरी यांच्या वाद्यवृंदाने सादर केली. तिची चौकट संगीतकाराने ठरविलेली होती, तर तपशील पुष्कळसा वादकांवर सोपविलेला होता. या प्रयोगात ट्रंपेटवादक तोमाश स्तांको (१९४२–२०१८) सहभागी होते. त्यांनीच १९८० मध्ये आग्र्याचा ताजमहाल आणि पुणे जिल्ह्यातील कार्ले लेणी येथील घुमाऱ्याचा उपयोग करून एकल ट्रंपेटवादन मुद्रित केले.

मिलाफ घडविण्यात व्यावहारिक अडचणीही होत्या. जॅझमध्ये सारख्या लिहिलेल्या दोन लघु स्वरांपैकी पहिला किंचित लांब व दुसरा आखूड वाजविला जातो. हा झोल लिपीत नेमका उतरत नाही. अभिजात पद्धतीत शिकलेले व्हायोलिनवादक लिहिल्याबरहुकूम वाजवितात व संचालकाच्या हाताकडे पाहतात. जॅझवादक ढोल आणि बास यांकडे कान देतात. दोन्ही गट एकाच सभागृहात वाजू लागले, की एक गट रेंगाळल्यासारखा वाटतो आणि ढोलांच्या आवाजात तंतुवाद्ये बुडून जातात. नभोवाणीच्या स्टुडिओत ध्वनिक्षेपकांची मांडणी व आवाजांची प्रमाणबद्धता यांनी ही अडचण बरीचशी दूर करता येई. म्हणूनच या संगीतातील समतोल पुष्कळदा रंगमंचावर नव्हे, तर ध्वनिमुद्रणातच साधला गेला.

ध्वनिमुद्रणे व त्यांचे जतन : ‘पोल्स्किये नाग्रान्या’ या सरकारी कंपनीने ‘मूझा’ या मुद्रेखाली ‘पोलिश जॅझ’ ही ध्वनिमुद्रिकामाला १९६५ मध्ये सुरू केली. १९८९ पर्यंत तिचे ७६ खंड निघाले. मोठ्या वाद्यवृंदांना तीत थोडेच स्थान मिळाले. नभोवाणीसाठी मुद्रित केलेली रचना प्रसारित झाल्यावर फितीसह संग्रहात जाई. विक्रीसाठी तिची ध्वनिमुद्रिका निघेलच असे नसे. १९८९ च्या राजकीय स्थित्यंतरानंतर सरकारी आश्रय आटला व मोठे वाद्यवृंद चालविणे कठीण होऊन बसले. त्या रचना पुन्हा वाजविण्यास योग्य असे वादकसमूहच उरले नाहीत आणि फितींचे मूल्य आपोआप वाढले.

ध्वनिफीत ही अल्पायुषी वस्तू आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय चूर्ण बंधक द्रव्याच्या साहाय्याने बसविलेले असते. १९७० नंतरच्या काही बनावटींच्या फितींतील बंधक हवेतील ओलावा शोषून चिकट होते व फीत वाजविताना चूर्ण खरवडून निघते. अशा फिती मंद, नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरत्या वाजविण्याजोग्या केल्या जातात. गुंडाळलेल्या फितीच्या एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटून मूळ ध्वनीच्या आगेमागे त्याची अंधुक सावली ऐकू येते. वाद्यवृंद थांबून एकच वाद्य हळुवार वाजत असते, तेव्हा हा दोष विशेष जाणवतो. शिवाय जुनी यंत्रे व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. यावर उपाय म्हणून फितींवरील ध्वनी अंकीय स्वरूपात उतरवून घेतात. त्यासाठी सेकंदाला किमान ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट, हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे; ९६,००० नमुने अधिक इष्ट मानले जातात.

एकविसाव्या शतकात या संग्रहांकडे नव्याने लक्ष गेले. मिल्यान यांच्या फिती आधी ‘ओबुह’ व नंतर ‘गाद रेकॉर्ड्‌स’ या पोलिश संस्थांनी क्रमशः प्रकाशित केल्या. पोलिश नभोवाणीने आपल्या जॅझ संग्रहातील निवडक मैफली स्वतंत्र मालेत काढल्या. पोल्स्किये नाग्रान्याचा संग्रह २०१५ मध्ये ‘वॉर्नर’ या कंपनीच्या पोलंडमधील शाखेकडे गेला आणि २०१६ पासून ‘पोलिश जॅझ’ मालेतील जुने खंड पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले.

महत्त्व : बंदिशीचे स्वरलेखन उपलब्ध असले, तरी एखाद्या गायकाने त्या बंदिशीत केलेली बढत त्यावरून कळत नाही, ती मैफलीच्या ध्वनिमुद्रणातूनच कळते. पोलिश वाद्यवृंदीय जॅझची स्थिती काहीशी अशीच आहे. त्यातील व्हायोलिनच्या पंक्ती कागदावर सापडतील आणि दुसरा वाद्यवृंद त्या वाजवूही शकेल. परंतु त्यांवर एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट वादकांनी उभारलेला आविष्कार पुन्हा रचता येत नाही. त्या वादकांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. एखादी फीत प्रतिलेखनापूर्वीच निकामी झाली, तर तिच्याबरोबर रचनेची केवळ एक प्रत नव्हे, तर ती रचनाच नष्ट होते.