मनगटी पट्ट्याचें कातडें

मनगटाला कातडें बांधण्याची चाल आजची नाहीं. धनुष्याची दोरी सुटतांना डाव्या हातावर आपटे. तो आघात सोसण्यासाठीं प्राचीन योद्धे हाताला चर्मपट्ट बांधीत. अमरकोशांत त्याला ‘गोधा’ असें नांव आहे. धनुष्य गेलें, पण पट्टा राहिला. आज तो शोभेसाठीं बांधतात आणि हौशी माणसें कारागिराकडून आपल्या मापाचा, आपल्या पसंतीच्या नक्षीचा पट्टा करवून घेतात. मात्र रंग व नक्षी यांची जेवढी चिकित्सा होते, तेवढी कातड्याची होत नाहीं. मग कांहीं महिन्यांतच पट्टा सैल पडतो, त्याचे पापुद्रे निघतात किंवा मनगटाला खाज सुटते.

पहिला विचार जनावराचा. गाई-बैलांचें कातडें घट्ट विणीचें व टिकाऊ असतें. वासराचें त्याहून तलम. म्हशीचें कातडें जाड व खरखरीत असलें तरी रुंद, दणकट पट्ट्यास तें उत्तम. महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीस बंदी आहे. म्हशींना ती लागू नाहीं. शेळीचें कातडें पातळ असूनही चिवट असतें. मेंढीचें फार मऊ, परंतु त्याची वीण विरळ असल्यामुळें तें ताणलें जातें. म्हणून तें अस्तरास चांगलें, एकट्या पट्ट्यास नव्हे.

दुसरा विचार थराचा. कातड्याच्या ज्या बाजूस केस असतात, त्या बाजूस तंतू सर्वांत दाट असतात. जाड कातडें यंत्रावर आडवें चिरून त्याचे दोन थर करतात. वरचा थर मोलाचा. खालच्या थरास स्वतःचा पृष्ठभाग नसतो. म्हणून त्यावर रंगाचा लेप देऊन कृत्रिम रवा उठवितात. ‘अस्सल कातडें’ हे शब्द अशा मालावरही छापलेले आढळतात, आणि ते खोटेही नसतात. पण वारंवार वांकविल्यानें लेपास भेगा पडतात. त्याहूनही हलका प्रकार म्हणजे कातड्याचा चुरा डिंकासारख्या द्रव्यांत कालवून दाबलेले तक्ते. त्यांचा पट्टा फार दिवस टिकत नाहीं.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा विचार कमावणीचा. कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें व वाळलें तर लांकडासारखें ताठ होतें. कमावण्याच्या क्रियेनें हे दोन्ही दोष जातात. हिरडा चावला असतां तोंड आखडल्यासारखें होतें. त्याचें कारण हिरड्यांतील तुरट द्रव्य लाळेंतील प्रथिनांस घट्ट धरतें. तेंच द्रव्य कातड्याच्या तंतूंस धरतें व तें कमावलें जातें. कोल्हापुरी चपलांचें कातडें परंपरेनें असेंच तयार होतें. प्रथम चुन्याच्या पाण्यांत भिजवून त्याचे केस काढतात. मग कातड्याचीच पिशवी शिवून टांगतात व तींत बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा भरतात. या कामास कित्येक दिवस लागतात. असें कातडें ओलसर करून ठसा दाबला कीं नक्षी कायम राहते. म्हणून नांव किंवा वेलबुट्टी उठवावयाची असेल तर हेंच घ्यावें.

दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनीं १८८४ सालीं तिचें पेटंट घेतलें. तिनें आठवड्यांचें काम दिवसांवर आलें, आणि आज जगांतील बहुतेक कातडें याच रीतीनें कमावलें जातें. तें मऊ असतें, पाण्यास दाद देत नाहीं, पण त्यावर ठसा नीट उमटत नाहीं. त्यांतील क्रोमियम सहसा निरुपद्रवी असतो. मात्र कमावणी निष्काळजीपणें झाली तर त्याचें घातक रूप निर्माण होऊं शकतें व त्वचेवर पुरळ उठतें. म्हणूनच युरोपीय संघानें १ मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चर्मवस्तूंत या घातक रूपाचें प्रमाण किलोमागें ३ मिलिग्रॅमच्या आंत असावें असा नियम केला. पट्टा घामासह दिवसभर कातडीला चिकटून असतो. तेव्हां ज्याची त्वचा नाजूक आहे त्यानें निदान आंतलें अस्तर तरी साल-हिरड्याचें मागावें.

साल-हिरड्याच्या कातड्यासही एक पथ्य आहे. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी काळी शाई करीत. घामानें भिजलेल्या पट्ट्यावर लोखंडी बकलाचा काळा डाग पडतो, तो याच कारणानें. बक्कल न गंजणाऱ्या पोलादाचें असावें.

शेवटीं कातड्याचा भाग. पाठीचें कातडें कमी ताणतें, पोटाचें फार. चांगला कारागीर रापी चालविण्यापूर्वीं तुकडा दोन्ही दिशांनीं ओढून पाहतो आणि कमी ताणणारी दिशा पट्ट्याच्या लांबीस देतो. गिऱ्हाइकानेंही कापलेली कड पाहावी: क्रोमियमच्या कातड्याची कड पुष्कळदां निळसर करडी दिसते, साल-हिरड्याची तांबूस. साल-हिरड्याच्या न रंगविलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरतो व तेथें रंग गडद होतो.

एवढी पारख केली म्हणजे चांगल्या पट्ट्यास दाम अधिक कां पडतो, तेंही उमजतें. त्या दामांत चुन्यांत हात घालणाऱ्याचे, काढा भरणाऱ्याचे आणि आरीनें टांका घालणाऱ्याचे दिवस आहेत. ढोर व चर्मकार समाजांनीं हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें, आणि त्याबद्दल त्यांच्या वांट्यास अस्पृश्यता आली. ज्याच्या हाताचें काम मनगटावर मिरवावयाचें, त्याच्याशीं भावाची घासाघीस करतांना एवढें स्मरण तरी ठेवावें.