मुदतीचा ताप आणि त्याचे बदलते उपचार



आमच्या भवानी पेठेत यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांचा दिवस जातो, त्या माणसांच्या तोंडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "दादा, मागल्या खेपेला ज्या गोळीने ताप उतरला, तीच गोळी डॉक्टर या खेपेला का देत नाहीत? दर वेळी नवे औषध आणि नवा खर्च!" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे, आणि माझे शाळेतील शिक्षणही बेताचेच. परंतु कामगाराच्या मजुरीतून जो पैसा जातो, तो कशापायी जातो हे समजून घेणे संघटनेचेच काम आहे. म्हणून वाचून, जाणत्यांना विचारून जे उमगले ते आपणापुढे मांडतो.

ज्याला आपल्या घरात मुदतीचा ताप म्हणतात, पुस्तकात विषमज्वर म्हणतात आणि दवाखान्यात टायफॉइड म्हणतात, तो आजार एकच. त्याचा जंतू एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० साली प्रथम पाहिला. हा जंतू दूषित पाण्यातून अथवा अन्नातून पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो, यकृत, प्लीहा व हाडांतील मगज येथे ठाण मांडतो. पित्ताशयातून तो पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात उतरतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडून दुसऱ्याच्या पाण्यात मिसळतो. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. त्यामुळे आज आलेला ताप कोणत्या पाण्याने आला, हे रोग्यालाही सांगता येत नाही.

औषध नव्हते तेव्हा हा ताप तीन-चार आठवड्यांची आपली मुदत पुरी करूनच जाई. म्हणून त्याचे हे नाव. तिसऱ्या आठवड्यात आतड्यातील व्रण फुटून रक्तस्राव होण्याची वा आतड्याला भोक पडण्याची धास्ती असे. त्या भीतीने रोग्याला आठवडेच्या आठवडे पातळ पेजेवर ठेवीत, आणि तो तापाइतकाच उपासानेही खंगे. आता डॉक्टर मऊ, पचेल असे पोटभर अन्न द्यावयास सांगतात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना हा बदल अजून पटत नाही, तो त्यांना समजावून दिला पाहिजे.

१९४८ साली मलायातील क्वालालंपूर येथे वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध विषमज्वराच्या रोग्यांना दिले, आणि चार-पाच दिवसांत ताप उतरू लागला. जेथे शंभरांत दहा ते वीस रोगी दगावत, तेथे एखादाच दगावू लागला. या औषधाने क्वचित एखाद्याच्या हाडांतील मगज निकामी होऊन रक्त तयार होणेच थांबे. तरीही पुढील वीस-पंचवीस वर्षे तेच मुख्य औषध राहिले.

मग जंतूने आपली चाल बदलली. १९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळातील कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारे जंतू आढळले. ॲम्पिसिलिन व कोट्रायमोक्साझोल ही औषधे पुढे आली. १९८०-९० च्या सुमारास तिन्ही औषधांना एकदम न जुमानणारे जंतू भारतभर पसरले. हे कसे घडते? एका खात्यातील कामगाराने काढलेली युक्ती जशी हातोहात दुसऱ्या खात्यात पोहोचते, तसे जंतूही प्रतिकाराचे गुण एकमेकांना देतात; तेही एकेक नव्हे, गाठोडे बांधून. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सासिन आले. ते ज्या जागी घाव घाली ती जागाच जंतूने पालटली. किल्ली तीच राहिली, कुलूप बदलले. आज भारतात सापडणाऱ्या बहुतेक टायफॉइडच्या जंतूंवर ही गोळी भरवशाची उरलेली नाही. मागल्या खेपेची गोळी या खेपेला का नाही, याचे उत्तर येथे आहे. डॉक्टरांचा सल्ला बदलतो, कारण जंतू बदललेला असतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी उपचार घेणाऱ्यास सेफिक्झिम किंवा ॲझिथ्रोमायसिन, आणि रुग्णालयात दाखल झालेल्यास सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शने द्यावीत. परंतु हीही कायमची सनद नव्हे. २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमधील हैदराबादेत असे जंतू पसरले की, सेफ्ट्रियाक्झोनही निरुपयोगी ठरून ॲझिथ्रोमायसिन व मेरोपेनेमसारखी मोजकीच औषधे हाती उरली. सेफ्ट्रियाक्झोनला न जुमानणारे जंतू मुंबईतही आढळल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. उलट एक दिलाशाची गोष्टही घडली. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर कमी झाला, तसे त्याला वश होणारे जंतू पुन्हा वाढले. म्हणजे औषधाची धार आपल्या वापराने बोथट होते.

येथे आपल्याकडून काय घडते ते पाहा. यंत्रमागावर मजुरी कापडावर मिळते. काम नाही त्या दिवशी दाम नाही. विडी वळणाऱ्या बाईचेही तेच. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरला की माणूस उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून कामावर जातो. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. त्याच्या चुलीचा हिशेब मांडणे अवघड आहे. परंतु औषध अपुरे पडले तर दडून राहिलेले जंतू दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उठतात आणि ताप उलटतो. पुरे औषध घेऊनही काहींचा ताप उलटतो, अर्धवट सोडणाऱ्याने तर त्याला आमंत्रणच दिलेले असते. शंभरांतील दोन-चार माणसे बरी होऊनही पित्ताशयात जंतू बाळगून राहतात. अमेरिकेत मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत असून घरोघर टायफॉइड पोहोचवीत होती, हे १९०७ साली उघडकीस आले.

दुसरी गोष्ट तपासणीची. विडाल ही १८९६ पासूनची तपासणी स्वस्त व झटपट आहे, पण एकदाच केलेल्या विडालवर भिस्त ठेवता येत नाही. पूर्वीच्या आजाराने वा लशीनेही ती होकार देते. खरी ओळख पटते ती रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीने, म्हणजे ब्लड कल्चरने. ते पहिल्या आठवड्यात आणि औषध सुरू करण्यापूर्वी केलेले बरे. त्यातही बऱ्याचदा जंतू निसटतो. पण सापडला तर कोणते औषध लागू पडेल तेही कळते. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून मग दवाखाना गाठला, तर ही वाट अर्धी बंद होते.

असो. औषधाची कथा कितीही मोठी असली तरी मूळ पाण्यात आहे. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ साली शहराच्या पाण्यात क्लोरीन मिसळण्यास प्रारंभ केला, आणि गाळलेल्या, शुद्ध केलेल्या पाण्याने तेथील शहरांत विषमज्वर ओसरला. तेव्हा क्लोरॅम्फेनिकॉलचा जन्मही झाला नव्हता. आपल्या सोलापूरला उजनीचे पाणी येते, पण नळाला रोज पाणी न येण्याची सवय शहराला वर्षानुवर्षे लागली आहे. नळ कोरडा असतो तेव्हा फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते, आणि भरून ठेवलेल्या पिंपात हात बुडतो. लसही आता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली तिची शिफारस केली, आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. जे नवी मुंबईत झाले ते सोलापुरात का होऊ नये?

तेव्हा घरापुरते इतके करावे: पाणी खळखळून उकळावे, ओगराळ्याने काढावे, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत, आणि औषधाचे दिवस पुरे करावेत. परंतु घरापुरते करून हा प्रश्न सुटणार नाही. जो कामगार राज्य विमा योजनेत आहे त्याला आजारपणात वेतनाचा सत्तर टक्के भाग मिळू शकतो. मात्र जो मजूर कोणत्याच पटावर नाही, त्याला औषध पुरे करण्याची ऐपतच नसते. त्याचे नाव पटावर चढले पाहिजे, नळाला नियमित व शुद्ध पाणी आले पाहिजे आणि सरकारी रुग्णालयात ब्लड कल्चर विनामूल्य झाले पाहिजे. या तीन मागण्या मजुरीच्या मागणीइतक्याच नेटाने मांडण्याजोग्या आहेत, कारण मजुरीवाढीचा पैसा एका मुदतीच्या तापात नाहीसा होतो.